पहिल्या तिकिटापासून पहिल्या एन्ट्रीपर्यंत : नाटक पाहू आणि करू इच्छिणाऱ्या नवख्यांसाठी

दर वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या हौशी संघाच्या तालमीच्या खोलीत आठ-दहा नवी मुले-मुली येतात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो तो असा, की गेल्या सहा महिन्यांत नाट्यगृहात बसून किती नाटके पाहिलीत? बहुतेक जण चुळबुळतात. अभिनय करायची तीव्र इच्छा आहे, मोबाईलवर मालिका आणि चित्रपट भरपूर पाहून झाले आहेत, पण तिकीट काढून, तिसऱ्या घंटेची वाट पाहत अंधारात बसण्याचा अनुभव दोन-तीनदाच घेतलेला असतो. याच्या अगदी उलट मंडळीही भेटतात. तीस-तीस वर्षे नेमाने नाटके पाहणारे हे रसिक विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशात, मात्र एकदाही उभे राहिलेले नसतात, आणि प्रवेश बदलताना वीस सेकंद अंधार राहिला की शेजाऱ्याला 'काय चाललंय काय?' असे मोठ्याने विचारतात. दोघांचेही शिक्षण अर्धेच झालेले असते. म्हणून हा लेख दोघांसाठी एकत्र लिहिला आहे. यातला क्रम माझ्या अनुभवातून ठरला आहे : आधी पाहावे, मग सामान उचलावे, मग बोलावे आणि नंतर पुन्हा खुर्चीत येऊन बसावे.

सुरुवात कोणत्या नाटकाने करावी

मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत केलेल्या 'सीता स्वयंवर' या नाटकापासून मानतात आणि त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. एवढा जुना वारसा समोर आला की नवखा माणूस दडपून जातो आणि आधी सगळे वाचून काढावे, मग पाहायला जावे असे ठरवतो. तसे करू नये. पहिले नाटक रविवारच्या प्रयोगाला, भरलेल्या नाट्यगृहात पाहावे आणि शक्यतो ते व्यावसायिक रंगभूमीवर चांगले चाललेले दोन अंकी नाटक असावे. दादरचे शिवाजी मंदिर, ठाण्याचे गडकरी रंगायतन, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर, नाशिकचे कालिदास कलामंदिर यांपैकी जे जवळ असेल तिथले शनिवार-रविवारचे वेळापत्रक वर्तमानपत्राच्या नाटकांच्या जाहिरातींत किंवा तिकिटाच्या ॲपवर सहज मिळते. भरलेले नाट्यगृह सुचवण्यामागे कारण आहे. पाच-सातशे अनोळखी माणसे एकाच वाक्याला एकाच क्षणी हसतात, किंवा एकाच क्षणी खोकणे थांबवतात, तेव्हा आपल्याभोवती काय घडते, हे रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून कळत नाही.

दुसरे नाटक छोट्या जागेतले, प्रायोगिक असावे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जी प्रायोगिक चळवळ बहरली, तिथे नट आणि पहिली रांग यांच्यात हातभर अंतर असे. आजही शंभर-दीडशे खुर्च्यांच्या जागांत होणारे प्रयोग त्याच जवळिकीवर उभे असतात. तिथे नटाचा श्वास ऐकू येतो आणि आपली चुळबुळही त्याला ऐकू जाते.

तिसऱ्या वेळी मात्र नाट्यगृहाची चौकट सोडून बाहेर पडावे. सिंधुदुर्गात किंवा गोव्यात ओळखीचे कोणी असेल तर जत्रेतल्या दशावताराची एक रात्र काढावी. पालखी झाल्यावर उशिरा सुरू होणारा हा खेळ पहाटेपर्यंत चालतो. कथानक ठरलेले असले तरी लिहिलेली संहिता नसते, संवाद नट जागेवरच रचतात, स्त्रीभूमिका पुरुष करतात आणि पेटी, पखवाज व झांज यांची साथ नटाच्या चालीबरोबर श्वासागणिक बदलते. पूर्व विदर्भात राहणाऱ्यांना हेच सुख झाडीपट्टीच्या नाटकांत मिळेल. धानाची कापणी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात रात्रभराची नाटके होतात आणि गावागावांतून लोक पाहुण्यांना खास त्यासाठी बोलावतात. शहरी प्रेक्षकाला दोन तासांनी घड्याळाकडे पाहायची सवय असते. या रात्रींमध्ये ती सुटते.

संगीत नाटक पहिल्यांदा पाहणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आणल्यापासून या प्रकारात गाणे हा कथेचाच भाग आहे, त्यामुळे पद सुरू झाले की कथा थांबली असे समजून मोबाईल काढू नये. पद रंगले तर 'वन्समोअर' देण्याची प्रथा जुनी आहे. तो द्यावा, पण पद पूर्ण झाल्यावर. तान चालू असताना ओरडणारा रसिक गायकनटाचा सूर आणि शेजाऱ्याचा आनंद दोन्ही मोडतो.

खुर्ची, घंटा आणि मध्यंतर

तिकीट काढताना पहिली रांग मिळाली म्हणून हरखून जाऊ नये. बहुतेक नाट्यगृहांत रंगमंच उंच असतो आणि पहिल्या दोन रांगांतून नटांचे पाय नीट दिसत नाहीत, मान मात्र दुखते. पाचव्या ते दहाव्या रांगेतली मधली खुर्ची उत्तम. पैसे कमी असतील तर बाल्कनीची पहिली रांग घ्यावी. तिथून चेहऱ्याचे बारकावे सुटतात, परंतु दिग्दर्शकाने माणसे आणि वस्तू कशा मांडल्या आहेत ते नकाशासारखे दिसते, आणि ज्यांना पुढे नाटक करायचे आहे त्यांनी किमान एक नाटक तरी तिथून पाहावेच.

प्रयोगाच्या निदान वीस मिनिटे आधी पोहोचावे. तीन घंटा असतात. पहिली झाली की आत यावे, दुसरी झाली की बसावे आणि तिसरी होण्याआधी मोबाईल पूर्ण बंद करावा. नुसता आवाज बंद करणे पुरत नाही, कारण अंधाऱ्या नाट्यगृहात मोबाईलचा उजळलेला पडदा रंगमंचावरून काजव्यासारखा स्पष्ट दिसतो आणि तो नेमका गंभीर प्रवेशात उजळतो. उशीर झालाच तर दाराशी थांबून पहिला प्रवेश संपू द्यावा आणि अंधार झाल्यावर आत जावे. तान्हे मूल बरोबर असेल तर कडेची खुर्ची घ्यावी, म्हणजे रडू लागताच बाहेर पडता येते. याबद्दल कोणी कुरकुर करत नाही, कुरकुर होते ती मूल रडत असताना बसून राहणाऱ्या पालकांबद्दल. मध्यंतरात बटाटेवडा खाणे हा नाटकाचाच भाग आहे असे मी मानतो, मात्र वेष्टनाची कुरकुर करणारा वेफर्सचा पुडा दुसऱ्या अंकात आत आणू नये.

एकच नाटक दोनदा

नवख्यांना मी देतो त्या सल्ल्यांपैकी हा सर्वांत कमी पाळला जातो आणि सर्वांत जास्त उपयोगी पडतो. आवडलेले नाटक महिन्याभरात पुन्हा पाहावे. पहिल्या वेळी गोष्ट आपल्याला ओढून नेते, पुढे काय होणार या उत्सुकतेपायी आपण फक्त बोलणाऱ्याकडे पाहतो. दुसऱ्या वेळी गोष्ट माहीत असते, म्हणून नजर मोकळी होते. तेव्हा न बोलणाऱ्या नटाकडे पाहावे. समोरचा दीर्घ संवाद म्हणत असताना तो काय करतो? खरोखर ऐकतो की स्वतःच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत उभा असतो? चांगल्या नटाच्या चेहऱ्यावर समोरच्याचे वाक्य हळूहळू उमटत जाते आणि त्याचे स्वतःचे वाक्य त्यातूनच निघते. वाईट नटाचे वाक्य पाठांतरातून निघते. हा फरक एकदा दिसला की पुन्हा कधी लपत नाही.

दुसऱ्या वेळी आणखी एक गोष्ट कळते : प्रयोग तोच नसतो. मागच्या वेळी जिथे मोठा हशा आला होता तिथे आज नुसती खसखस पिकते, आणि त्यामुळे नटाने पुढचे वाक्य थोडे लवकर घेतलेले असते. नट प्रेक्षकांना ऐकत असतो. प्रेक्षागृहातली शांतता, हुंकार, खोकल्यांची लाट हे सगळे वर पोहोचते आणि त्यानुसार प्रयोगाचा वेग बदलतो. 'आज प्रेक्षक चांगले होते' असे नटमंडळी ग्रीनरूममध्ये म्हणतात ते टाळ्यांबद्दल नसते, नीट ऐकणाऱ्या माणसांबद्दल असते.

तिसरी पायरी एकांकिका आणि नाट्यस्पर्धांची. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून आंतरमहाविद्यालयीन पुरुषोत्तम करंडक भरवते. भरत नाट्य मंदिरात चालणाऱ्या त्या फेऱ्यांना 'आव्वाज कुणाचा'च्या आरोळ्या ऐकत बसले की विशीतली मुले फारसा पैसा नसताना, एक टेबल आणि चार लेव्हलवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यांवर, काय काय उभे करतात ते दिसते. राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तिच्या प्राथमिक फेऱ्या राज्यातल्या अनेक केंद्रांवर होतात आणि तिकीट अगदी नाममात्र असते. तिथे काही प्रयोग फसलेलेही पाहायला मिळतात. ते उठून न जाता पाहावेत. चांगला प्रयोग इतका सहज वाटतो की तो कसा केला हे कळत नाही, फसलेल्या प्रयोगात मात्र जोडणीचे सगळे खिळे बाहेर आलेले असतात.

संघात शिरायचे कसे

काम करायची इच्छा झाली की सर्वांत जवळचा संघ शोधावा. महाविद्यालयात असाल तर कलामंडळ आहेच. नोकरी करणाऱ्यांसाठी बँकांचे, वीज कंपनीचे, कारखान्यांचे नाट्यसंघ असतात आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांमध्ये ते हिरिरीने उतरतात. गावात गणेशोत्सवाचे किंवा ग्रंथालयाचे मंडळ असते. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावकरी स्वतः नाटके करतात. बेळगाव, इंदूर, बडोदा इथल्या मराठी संस्थांची आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांची नाटके अशाच हौसेवर चालतात, आणि तिथे तर माणसांची इतकी चणचण असते की नवख्याचे स्वागतच होते. पूर्णवेळ शिक्षण हवे असेल तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय हे मार्ग आहेत, पण तिकडे अर्ज करण्याआधी एक-दोन वर्षे हौशी संघात घालवलेली बरी. 'ऑडिशन'साठी आगाऊ पैसे मागणाऱ्या आणि मालिकेत काम देण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासून चार हात दूर राहावे. तालमीला ये म्हणताना कुठलाही खरा नाट्यसंघ पैसे मागत नाही. फार तर चहाची वर्गणी काढतो.

संघात गेल्यावर भूमिका मागू नये. बॅकस्टेजचे काम मागावे. हे ऐकून अनेकांचा चेहरा पडतो, पण यासारखी शाळा नाही. सेट लावताना फ्लॅट, म्हणजे भिंती दाखवणाऱ्या चौकटी, कसे उभे राहतात, कोणत्या दिव्याचा उजेड कुठे पडतो, पार्श्वसंगीत देणारा माणूस कोणत्या शब्दावर बटण दाबतो, वेशभूषा बदलायला किती सेकंद मिळतात हे सगळे हाताने शिकता येते. शिवाय तालमीत रोज बसल्यामुळे सगळ्यांची वाक्ये आपोआप पाठ होतात, आणि ऐन वेळी कोणी आजारी पडला की दिग्दर्शकाची नजर तुमच्याकडेच वळते. कित्येकांची पहिली एन्ट्री अशीच झालेली आहे.

माझे पहिले काम प्रॉपर्टीचे, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू सांभाळण्याचे होते. दुसऱ्या अंकात नायिकेच्या भावाने खिशातून पत्र काढून वाचायचे होते, आणि ते पत्र प्रत्येक प्रयोगाआधी त्याच्या कोटाच्या खिशात ठेवणे एवढीच माझी जबाबदारी. एका प्रयोगात मी ते ठेवायला विसरलो. त्याने खिशात हात घातला, एक क्षण थांबला, मग रिकामा हात बाहेर काढून म्हणाला, 'फाडून टाकलं मी ते पत्र. पण शब्दन् शब्द पाठ आहे माझा.' आणि सगळे पत्र नायिकेच्या डोळ्यांत पाहत तोंडाने म्हणाला. प्रेक्षकांना काहीच कळले नाही, उलट तो प्रवेश त्या दिवशी अधिक रंगला. मी मात्र विंगेत घामाघूम झालो होतो. तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो आणि ती सर्वांना शिकवतो : विंगेजवळच्या टेबलावर पांढरा कागद पसरावा, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून तिची बाह्यरेषा पेनने काढावी आणि आत वस्तूचे व नटाचे नाव लिहावे. घंटेआधी टेबलाकडे पाहिले की रिकामी रेषा ओरडून सांगते, काय राहिले ते.

वाचन, पाठांतर आणि तालीम

भूमिका मिळाली की पहिल्या वाचनाला अभिनय करू नये. सरळ, स्पष्ट, अर्थ कळेल असे वाचावे आणि बाकीच्यांचे ऐकावे. नवखे लोक संहिता हातात आल्यावर फक्त आपली वाक्ये पिवळ्या पेनने रंगवतात. आपल्या वाक्याबरोबर त्याच्या आधीचे, म्हणजे समोरच्याचे वाक्यही दुसऱ्या रंगाने रंगवावे. तोच तुमचा क्यू, आणि तो पाठ नसेल तर स्वतःचे वाक्य पाठ असून उपयोग नाही. पाठांतरासाठी मला जमलेली रीत अशी, की वहीच्या डाव्या पानावर क्यू आणि उजव्या पानावर आपले वाक्य हाताने लिहून काढावे, उजवे पान झाकावे आणि चालत चालत म्हणावे. बसून केलेले पाठांतर उभे राहिल्यावर निम्मे गळते. दिग्दर्शकाने हालचाली बसवल्या की वाक्य आणि जागा यांची गाठ पडते, खुर्चीपासून दारापर्यंत जाताना म्हणायचे वाक्य पायांच्या लक्षात राहते. म्हणून हालचाली बसवायच्या दिवसांत तालीम चुकवणे हा अक्षम्य गुन्हा समजावा.

पुस्तक कधी सोडायचे याची तारीख दिग्दर्शक ठरवतो. त्या तारखेनंतर अडखळलात तरी चालेल, पण हातात कागद धरू नये. प्रॉम्प्टर असेल तर त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावे, की मी मागितल्याशिवाय वाक्य द्यायचे नाही. नाहीतर तुम्ही मुद्दाम घेतलेल्या प्रत्येक विरामात तो दयाळूपणे पुढचे वाक्य सांगून मोकळा होतो.

तालमीतले खरे काम ऐकण्याचे आहे. आमच्याकडे एक खेळ खेळतो : चालू प्रवेशात एक नट मुद्दाम एखादा शब्द बदलतो. 'तू काल कुठे होतीस?' ऐवजी 'तू परवा कुठे होतीस?' म्हणतो. समोरची मुलगी ऐकत असेल तर तिची भुवई तरी हलते, पाठांतर म्हणत असेल तर ती 'काल मी घरीच होते' असे बिनदिक्कत सांगून टाकते आणि सगळी खोली हसते. महिनाभर हा खेळ खेळला की संवाद म्हणण्याची जागा बोलणे घेते. ऐकण्याची सवय लागली की पिकअपचा, म्हणजे समोरच्याचे वाक्य संपताच आपले वाक्य उचलण्याचा, प्रश्नही सुटतो. नवख्यांना वाटते की प्रत्येक वाक्याआधी थोडे थांबले म्हणजे अभिनय सखोल होतो. दहा नट असे थांबले की दीड तासाचे नाटक दोन तासांवर जाते. खऱ्या बोलण्यात माणसे एकमेकांच्या वाक्याच्या शेपटीवर बोलतात.

आवाजाबद्दल एक खास मराठी अडचण सांगायला हवी. आपल्या भाषेत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी येतो, आणि आपली सवय मात्र वाक्याचा शेवट गिळून टाकण्याची. 'मी त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही' या वाक्यात शेवटचा शब्द पडला की मागच्या रांगेला नेमका उलटा अर्थ पोहोचतो. म्हणून वाक्याचा शेवट उचलून धरण्याचा सराव करावा : मित्राला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवावे, आपण न ओरडता बोलावे आणि त्याने प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द परत सांगावा. कॉलर माईक असला तरी हा सराव टाळू नये. माईक आवाज मोठा करतो, गिळलेला शब्द परत आणत नाही. स्वतःची बोली मात्र उगाच घासून पुसून टाकू नये. भूमिकेची गरज असेल तरच प्रमाण उच्चार करावा. वऱ्हाडी किंवा मालवणी कानांवर वाढलेल्या नटाकडे लय आणि विनोदाची जाण आयती असते.

हातांचे काय करायचे, हा सर्वांना पडणारा प्रश्न. उत्तर साधे आहे : काहीच करू नये, ते खाली सोडावेत. आठवडाभर विचित्र वाटते, मग हातांना स्वतःहून काम सापडते. रंगमंचावर उजेडात कसे राहायचे हेही नवख्याला माहीत नसते. दिव्याखाली चेहऱ्यावर ऊब जाणवते, ती गेली की समजावे आपण अंधारात सरकलो. आता एलईडी दिव्यांमुळे ही ऊब कमी झाली आहे, त्यामुळे जमिनीवरच्या टेपच्या खुणांवर जास्त अवलंबून राहावे लागते.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी आणि ठरलेले मानधन यांशिवाय कोणाचेही नाटक करू नये. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि त्याला वेळ लागू शकतो हे गृहीत धरून तारखा ठरवाव्यात. हे काम संघातल्या सर्वांत चिकट माणसाला द्यावे.

प्रयोगाचा दिवस

रंगीत तालीम ही प्रयोगच समजून करावी : पूर्ण वेश, पूर्ण रंगभूषा, पूर्ण दिवे, आणि चूक झाली तरी न थांबता. त्या दिवशी जे पहिल्यांदा कळते ते असे, की नव्या चपला वाजतात, साडीचा पदर दाराच्या कडीत अडकतो आणि चष्म्याच्या काचेवर दिवा चमकतो. या गोष्टी आदल्या दिवशी कळल्या तर दुरुस्त होतात.

प्रयोगाच्या दिवशी तीन तास आधी नाट्यगृहात असावे. दोन तास आधी हलके काहीतरी खाऊन घ्यावे, उपाशी पोटी आवाज थरथरतो आणि भरपेट जेवल्यावर श्वास पुरत नाही. कोमट पाणी जवळ ठेवावे. मोकळ्या रंगमंचावर एकदा सगळीकडे चालून यावे, कारण तालमीची खोली आणि हा रंगमंच यांची मापे कधीच जुळत नाहीत. नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, मंडळी एकमेकांच्या पाया पडतात. देवावर विश्वास असो वा नसो, या पाच मिनिटांत सगळ्या संघाचा श्वास एका लयीत येतो, म्हणून त्यात मनापासून सामील व्हावे. पडद्याच्या फटीतून आई-बाबा आले का ते पाहू नये. बाहेरून पडदा हललेला दिसतो आणि कोण डोकावते तेही प्रेक्षकांना ओळखू येते.

वाक्य विसरले तर? एकदा तरी विसरणारच आहात. अशा वेळी विंगेकडे पाहू नये, जमिनीकडे पाहू नये, समोरच्या नटाच्या डोळ्यांत पाहावे. तालमीत ऐकण्याची सवय लावलेली असेल तर त्याला लगेच कळते आणि तो प्रश्न विचारून किंवा तुमचेच वाक्य फिरवून तुम्हाला पुन्हा रुळावर आणतो. दोन सेकंदांची ती पोकळी तुम्हाला दोन तासांसारखी वाटेल, प्रेक्षकांना तो विराम वाटतो.

हशा आला तर बोलणे थांबवावे, पण भूमिका थांबवू नये. हशा वर चढतो, टिकतो आणि उतरू लागतो. तो पूर्ण ओसरण्याआधी, उतरत असतानाच पुढचे वाक्य घ्यावे. तालमीत जिथे सगळे हसले होते तिथे आज कोणी हसले नाही तर हशाची वाट पाहत थांबू नये, सरळ पुढे जावे. आणि पहिल्या प्रयोगात हशा मिळाला म्हणून दुसऱ्या प्रयोगात तेच वाक्य जास्त जोराने म्हणू नये. तो हशा हमखास जातो. माझा गेला आहे, आणि तो परत यायला चार प्रयोग लागले.

पडदा पडल्यावर ग्रीनरूममध्ये माणसे येतात आणि 'छान झालं' म्हणतात. नम्रपणे आभार मानावेत आणि जवळच्या दोघा-तिघांना बाजूला घेऊन नेमके विचारावे : कुठले वाक्य ऐकू आले नाही, कुठे कंटाळा आला, कुठे मी काय करतोय ते कळले नाही? त्याच रात्री ते वहीत लिहून ठेवावे, कारण सकाळपर्यंत मनात फक्त कौतुक शिल्लक राहते. तुम्ही प्रेक्षक म्हणून भेटायला जाल तेव्हा हेच उलट्या बाजूने करावे. गर्दी ओसरू द्यावी, दोन मिनिटांहून जास्त वेळ घेऊ नये, आणि नटाला तुमच्या मनात राहिलेला एक क्षण नाव घेऊन सांगावा, उदाहरणार्थ 'दुसऱ्या अंकात तुम्ही कपाची दांडी धरून नुसते बसलात ते'.

पुन्हा खुर्चीत

पहिला प्रयोग झाल्यावर महिन्याच्या आत दुसऱ्या कोणत्या तरी संघाचे नाटक पाहायला जावे. पास मागू नये, तिकीट विकत घ्यावे. नाट्यगृहाचे भाडे, दिवे आणि टेम्पो यांचा हिशेब आता तुम्हाला माहीत झालेला असतो. त्या दिवशी प्रवेश संपून अंधार झाला की एक वेगळीच गोष्ट घडते. शेजारी कोणीतरी घड्याळात पाहील, मागे कोणी पुडा उघडेल, आणि तुम्हाला मात्र रंगमंचावर पलंगाचे चारही पाय एका वेळी जमिनीला टेकल्याचा दबका आवाज ऐकू येईल. दोन माणसे होती, दोघांनी एकाच वेळी खाली ठेवला, हे तुमच्या ध्यानात येईल. मग टेपची खूण शोधणारी बॅटरीची बारीक तिरीप, विंगेत शिरणाऱ्या पावलांची घाई, आणि दिवा येण्याआधी नटाने घेतलेला श्वास.